सातव्या थरातली खापरं

सर, तुमची सात खापरं सापडली. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या एका लहान शहरात, रोमन संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात, काचेच्या कपाटातल्या खालून दुसऱ्या फळीवर. याला आता दोन महिन्यांवर झाले आणि तेव्हापासून ही बातमी माझ्या घशात अडकून आहे. लेकीला सांगितली, जावयाला सांगितली. दोघं ‘वा, ग्रेट’ म्हणाले आणि जेवायला बसले. सातव्या थराचं नाव काढल्यावर ज्याच्या हातातला घास थांबेल असा माणूस तुम्ही एकटेच होतात, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. म्हणून लिहिते आहे.

मी सध्या आइंडहोव्हनला लेकीकडे आहे. ती चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत आहे. नक्की काय करते ते तिने मला तीनदा समजावलं आणि मी तीनदा ‘बरं’ म्हटलं. नव्वद दिवसांचा व्हिसा. पहिल्या आठवड्यात मी तिचं स्वयंपाकघर लावून काढलं, दुसऱ्या आठवड्यात तिने ते परत होतं तसं लावलं, आणि शनिवारी सकाळी म्हणाली, “आई, आज घरात थांबायचं नाही. जन्मभर पोरांना रोमन व्यापार शिकवलास ना? चल, तुला खरे रोमन दाखवते.” मास्ट्रिख्टच्या बाजूला जाणारी गाडी धरून आम्ही गेलो. संग्रहालय चांगलं आहे, सर. स्नानगृहाची जमीन आहे आणि तिच्याखाली विटांचे बुटके खांब. त्यांच्यामधून गरम हवा खेळवायचे. एका सैनिकाची समाधीशिळा आहे. नाक उडालेलं एक संगमरवरी स्त्रीमुख आहे, केसांची बट न् बट जागेवर. तेलाच्या काचेच्या कुप्या आहेत, साबणाच्या फुग्यासारख्या पातळ. लोक त्या मुखापाशी उभे राहून फोटो काढत होते. तुम्ही त्याच्याकडे पाठ केली असती आणि भट्टीत वाकडे होऊन फेकून दिलेले वाडगे आहेत तिथे तासभर उभे राहिला असतात. मी अर्धा तास राहिले.

शेवटचं दालन रोमच्या दूरदूरच्या व्यापाराचं. भिंतीवर नकाशा, त्यावर लाल रेघा, एक रेघ थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत. कपाटात सात खापरं. दोन कानांचा, टोकदार बुडाचा, दारू भरून आणायचा रोमन रांजण, ज्याला पुस्तकात अँफोरा म्हणतात, त्याची. एक कान, एक बुडाचं टोक, बाकी पाच अंगाचे तुकडे. मला पाटी वाचता येईना. लेकीने वाचली, “भारत. ठिकाण अज्ञात. जमिनीवर वेचलेली.” मी म्हटलं, “खोटं आहे.” जरा मोठ्याने म्हटलं असेन, कारण दालनातली सगळी माणसं वळली. “आई, हळू. हे तुझं कॉलेज नाही.” तोवर मी गुडघे टेकले होते. उभं राहून कड दिसत नव्हती आणि मला कडच पाहायची होती. पर्स बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर चढवला, डोळा फळीच्या रेषेत आणला. पहारेकरी धावत आला, ‘मेव्रौ, मेव्रौ’ करत, म्हणजे ‘बाई, बाई’. त्याला वाटलं म्हातारी कोसळली. लेक त्याला इंग्रजीत म्हणाली, “ती पडली नाहीये. ती वाचते आहे.”

आणि मी खरंच वाचत होते. बोटभर जाड कडेवर काळ्या शाईत आपल्या गावाचं आद्याक्षर, खड्डा तीन, वर्तुळात देवनागरी सात. त्याखाली तीन ठिपके. माझे तीन ठिपके, सर. बावीस वर्षांच्या मुलीचं अक्षर, उजवीकडे कललेलं. त्यावरून तुम्ही मला दोनदा बोलला होतात.

तो हिवाळा मला तासातासाने आठवतो. नदीकाठचं पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, पत्र्याची शेड, पाण्याच्या चार बादल्या, मऊ ब्रश. मी नवी होते. घरी राखेने आणि काथ्याने भांडी घासत वाढलेली. ब्रशने काही निघतं यावर माझा विश्वासच नव्हता. खड्डा तीनमधून एक जाड खापर आलं, आतून काळंकुट्ट. मी स्वयंपाकघरातून काथ्या आणला आणि पाच मिनिटांत ते लख्ख केलं. तुम्ही येता, खापर उचलता, उलटं करता. तुमचा चेहरा बदलतो. “हे कोणी घासलं?” मी उभी राहते. “सर, काळं होतं.” सगळी पोरं हसतात. “काळं होतं? ती राळ होती! दारू झिरपू नये म्हणून आतून लावलेली राळ. दोन हजार वर्षं टिकली आणि तू काथ्याने काढलीस! इथे भांडी घासायला आलीस का?” मी रडले नाही. मला रडायची सवय नव्हती आणि अजून नाही. संध्याकाळी तुम्ही धुलाईची वही माझ्यापुढे टाकलीत. “उद्यापासून सगळी धुलाई तुझ्याकडे. नोंदही तुझ्याकडे. ज्याने एकदा घासलं तो परत घासत नाही.” मला मिळालेली पहिली नेमणूक ती. नंतरच्या नेमणुकांना पेढे वाटले, हिला नाही वाटले, पण मोठी हीच होती.

तुमच्या पद्धती मी पुढे कुठे पाहिल्या नाहीत. खापरावर क्रमांक घालायचा तो फक्त कडेवर. “बाहेरची बाजू चित्र काढणाऱ्याची, आतली रसायनवाल्याची, कड आपली.” आकडे देवनागरीतच, कारण आपल्या मुकादमाला अक्षरं येत नव्हती पण आकडे येत होते, आणि टोपल्या तपासायचा तो. आणि प्रत्येकाची ठिपक्यांची खूण: माझे तीन, माझ्याबरोबर क्रमांक घालणाऱ्या जोडीदारणीचे चार, आणि असेच बाकीच्यांचे. “खापर खोटं बोलत नाही. लिहिणारा बोलतो. म्हणून लिहिणारा कोण ते कळलं पाहिजे.” इतका जाच आम्हाला तेव्हा वेडेपणाचा वाटायचा. पोरं तुमच्या मागे म्हणायची, “सर भाकरीवरपण ठिपके मागतील.”

त्या सात तुकड्यांचं पुढे काय झालं ते तुम्ही कधी कोणापाशी पूर्ण बोलला नाहीत, पण आम्हाला ठाऊक होतं. परदेशातल्या एका जाणकाराकडे तुम्ही ती पेटी तपासायला पाठवलीत, गावच्या कापसात गुंडाळून. पोचल्याचं कार्ड आलं आणि मग काही नाही. तुम्ही पत्रं लिहिलीत. जाणकार वारल्याचं दोन वर्षांनी कळलं. त्याच्या घरच्यांनी सगळं सामान कुठल्या तरी संग्रहालयाला देऊन टाकलं होतं, कुठल्या ते सांगणारं कोणी नव्हतं. आणि मग ते चर्चासत्र. तुम्ही वाचलंत: मराठवाड्यातल्या आतल्या गावात, अखंड जमिनीखाली, सातव्या थरात रोमन रांजण. एक ज्येष्ठ विद्वान उठले. “खापरं कुठे आहेत?” तुम्ही म्हणालात, परत आली नाहीत. ते म्हणाले, “अहो, दारू उडून जाते हे ऐकलं होतं. तुमचे रांजणही उडून गेले? कोणा हौशी माणसाने जमिनीवर वेचलेलं काहीतरी असेल, द्या सोडून.” सभागृह हसलं. तुम्ही एवढंच बोललात, “थर सात. मी तिथे होतो.” आणि बसलात. मीही तिथे होते, तिसऱ्या रांगेत. खड्ड्यातही होते आणि सभागृहातही. नोकरीचं माझं पहिलं वर्ष, अजून कायम व्हायची होते. मी उठले नाही.

त्यामुळे ‘जमिनीवर वेचलेली’ हे शब्द परक्या देशात, परक्या भाषेत, काचेमागे छापलेले पाहिल्यावर मला काय झालं असेल ते बघा. तो माणूस अजून बोलतच होता. मी ठरवलं की व्हिसा संपायच्या आत ती पाटी बदलली पाहिजे.

लेकीने ईमेल लिहून दिली. उत्तर आलं: आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. दोन आठवडे वाट पाहिली आणि एका मंगळवारी डबा घेऊन एकटीच गाडीत बसले. क्युरेटर बाई पस्तिशीची, माझ्याहून वीतभर उंच, केस करकचून बांधलेले. दारातच विचारलं, “वेळ ठरलेली आहे का?” इथे माणसं शेजाऱ्याकडे चहाला जायचीही वेळ ठरवतात. मी म्हटलं, “नाही.” “मग आज कठीण आहे. पुढच्या महिन्यात बघू.” “पुढच्या महिन्यात माझा व्हिसा संपतो. मी या बाकावर बसते. तुमचं काम उरकलं की हाक मारा.” बसले. एक वाजता पोळी आणि मेथीची भाजी काढली. लसणाचा वास तिच्या टेबलापर्यंत गेला असावा, कारण दीडला दार उघडलं. “दहा मिनिटं,” ती म्हणाली.

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, “तुम्हाला ते वाचता येतं म्हणून ते तुमचं ठरत नाही.” मी म्हटलं, “बरोबर.” “तीन ठिपके कोणीही काढेल.” “तेही बरोबर.” सर, मला बाई तिथेच आवडली. तुम्हालाही आवडली असती. तुम्ही तिला पहिल्या दिवशी खड्डा दिला असतात. मी म्हटलं, “कपाट उघडू नका. आधी मला कागद द्या.” पाठीमागच्या बाजूला वळलेल्या कडा कपाटाबाहेरून दिसत नाहीत हे तिला माहीत होतं. मी सातही तुकड्यांचं लिहून दिलं: कोणत्या कडेवर क्रमांक, खाली किती ठिपके, आत लेप कसा, आणि पाचव्याच्या आत लेप का नाही. ‘मी काथ्याने काढला’ असं इंग्रजीत लिहिताना काथ्याला शब्द सुचेना, तर दोरीच्या धाग्यांचं चित्र काढलं. खाली सही केली. मग तिने हातमोजे घातले, कपाट उघडलं आणि एकेक तुकडा उलटा केला. पहिला जुळला. दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा आतून लख्ख होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. सहावा जुळला. सातवा चुकला. मी जोडीदारणीचे चार ठिपके लिहिले होते, तिथे एक छोटी आडवी रेघ होती. ती तुमची रेघ होती. बुडाचं टोक तुम्ही कोणालाच लिहू दिलं नव्हतंत, हे मी पार विसरले होते. बाईंना तसं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं: सहा बरोबर, एक चूक, चुकीचं कारण दिलं. “नाऊ,” म्हणाल्या. इथल्या लोकांचं हे ‘नाऊ’ म्हणजे आपलं ‘बरं बाई’.

पण तेवढ्याने भागलं नाही. “गाव मान्य,” त्या म्हणाल्या. “थर कसा मान्य करू? वर्तुळातला सात तुम्हीच लिहिलेला. वर वेचलेल्या तुकड्यावरही सात लिहिता येतो.” तेच, सर. चव्वेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न, फक्त या वेळी प्रामाणिकपणे विचारलेला. आणि उत्तर माझ्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात होतं.

धुलाईची वही मी परत केली नव्हती. तुम्ही म्हणाला होतात, “मूळ नोंद खात्याकडे जाईल, ही दुसरी प्रत तुझ्याकडे राहू दे.” खात्यातली मूळ नोंद कुठे गेली ते आता तिथल्या कोणालाच सांगता येत नाही. मी भावजयीला फोन केला. तिने वही एसटीच्या पार्सलने पुण्याला धाडली, आणि जावई ऑफिसच्या कामाला तिकडे गेला होता त्याने आणली. त्याला बजावलं होतं, सामानात टाकायची नाही, हातात ठेवायची. विमानतळावर माझ्या हातात देताना म्हणाला, “आई, पासपोर्टपेक्षा जास्त जपलीय. विंडो सीट तिला दिली.”

ते पान तुम्हाला आठवत असेलच. सकाळचे साडेदहा. तुम्ही खड्डा तीनमध्ये खाली उभे आहात आणि तुमच्या पायाशी शेणामातीची चोपलेली जुनी जमीन आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कुदळ लावायच्या आधी तुम्ही सगळ्यांना आत बोलावता. “बघा. भोक आहे? उंदराचं बीळ? चीर? हात फिरवून बघा. नंतर वरून काही खाली पडलं असेल अशी शंका काढायची नाही.” आम्ही ओणवे होऊन हात फिरवतो. मग तुम्ही शेडमधली धुलाईची वही मागवता, कारण तुमची तंबूत राहिली आहे, आणि सगळ्यांच्या सह्या घेता: ‘जमीन अखंड पाहिली.’ मुकादम मागे सरतो. “साहेब, मला लिहाया येत न्हाई.” “बघता येतं ना?” “बघाया येतं.” “मग तुझा अंगठा आधी. लिहिणारे बघत नाहीत.” आणि त्याचा अंगठा पाच सह्यांच्या वर, मधोमध. त्याच पानावर खाली, संध्याकाळी वही माझ्याकडे आल्यावर, माझ्या अक्षरात: जमीन फोडली, खाली थर सात, जाड खापरं सात, एक आतून घासलं गेलं, चूक माझी.

क्युरेटर बाईंनी माझ्या भाषांतरावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या एका भाषांतरकाराकडे पान पाठवून तपासून घेतलं. योग्यच केलं. दहा दिवसांनी फोन आला. “‘चूक माझी’ हे तुम्हीच लिहिलं होतं?” मी हो म्हटलं. “बनवाबनवी करणारा माणूस अशी ओळ घालत नाही,” त्या म्हणाल्या. “पाटी बदलू या.” घासलेलं खापर तुमच्या कामी आलं, सर. तुम्ही ज्यावरून भर शेडमध्ये माझं नाक कापलंत, त्यानेच तुमचा सातवा थर उभा केला. हे मी जरा मिरवूनच लिहिते आहे.

परवा नवी पाटी लागली. व्हिसाचा त्र्याऐंशीवा दिवस. लेकीने अर्धा दिवस सुट्टी काढली. तो पहारेकरीही आला आणि या वेळी त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली. मी बसले नाही. पाटीवर गावाचं नाव आहे, खड्डा तीन, थर सात, अखंड जमिनीखाली. उत्खनन करणारा म्हणून तुमचं पूर्ण नाव, आणि त्याच्या खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, मुकादमाचं. त्यासाठी मला भांडावं लागलं. “मजुरांची नावं आम्ही घालत नाही,” बाई म्हणाल्या. मी म्हटलं, “पुराव्यावर त्याचा अंगठा सगळ्यात वर आहे. तुम्ही पुराव्याप्रमाणे जाता ना?” त्या म्हणाल्या, “नाऊ.” एक ओळ मराठीत आहे. छापखान्याने जोडाक्षरं फोडली होती, मी दोनदा परत पाठवली. माझं नाव त्या घालत होत्या, मी नको म्हटलं. तीन ठिपके आहेत, पुरे. खापरांनी आपल्या देशात परत जावं असा अर्ज मी वेगळा दिला आहे. त्याचं उत्तर यायचं आहे, आणि मी ते येईपर्यंत लिहीत राहणार आहे. लेक पाटीपुढे उभी राहून मोठ्याने वाचत होती. मी म्हटलं, “हळू. हे तुझं घर नाही.” आणि मीच हसले. सर, त्या सभागृहातलं हसू मिटलं. ज्याने हसवलं तो माणूस आता नाही, तुम्हीही नाही, पण पाटी आहे, आणि शाळेची पोरं रोज तिच्यासमोरून जातात.

आता जे सांगायला मी इतकी पानं लांबवली ते. नव्या पाटीच्या आधाराला वही वर्षभर संग्रहालयाकडे अभ्यासाला राहावी असं बाईंनी मागितलं. मी हो म्हटलं आणि दुपारभर ती मांडीवर घेऊन बसले. वहीची मागची पानं कोरी होती आणि मी काटकसरी. नोकरी लागल्यावर त्यावर मी वर्गात शिकवायची टिपणं काढली. त्यात माझ्याच अक्षरात एक ओळ आहे, खाली दोनदा रेघ मारलेली: ‘विद्यार्थ्यांना सांगणे: या गावचा पुरावा परीक्षेत लिहू नये. गुण जातात.’ ती ओळ मी एकतीस वर्षं दरवर्षी वर्गात वाचली. मला खोटं वाटत होतं म्हणून नव्हे. मी तर जमिनीवरून हात फिरवला होता. पोरांचे गुण जाऊ नयेत म्हणून, आणि खरं सांगायचं तर कोणी उठून ‘बाई, तुम्हाला कसं माहीत?’ असं विचारू नये म्हणून. तुम्ही गेलात त्या वर्षीही वाचली. बाई वही पानापानाने स्कॅन करणार आहेत आणि त्यांचा भाषांतरकार चांगला आहे. लेक म्हणाली, “आई, मागचं पान काढून घे ना. ते कुठे उत्खननाचं आहे?” मी कात्री मागितली, तिने दिली, मी ती परत जागेवर ठेवली.

हे पत्र वहीत घालून द्यावं असं एकदा वाटलं. घातलं नाही, ते त्यांच्या कामाचं नाही. आज अकराला संग्रहालयात जाऊन आले. पोचपावती त्यांच्या भाषेत झाली, तिची मराठी नक्कल अशी:

सुपूर्द केले: धुलाई व नोंदीची वही, नग एक, कापडी बांधणी, कोपरे झिजलेले. पाने शहाण्णव. पैकी उत्खननाची पंचाऐंशी, मागील अकरा देणारीच्या अध्यापनाची. सह्या व अंगठ्याचे पान शाबूत. एकही पान काढलेले नाही.